कंदीलपुष्पाला कुलूप

जळकोटजवळच्या मुरमाड माळावर एका दुर्मीळ कंदीलपुष्पाची अकरा रोपं मला सापडली आणि मी बिघडलो. तोवर मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा साधा मास्तर होतो. बायको म्हणाली, "फूल बोटभर अन् आव डोंगराएवढा."

ही जात संकटात आहे का, हे ठरवायला पुढच्या पावसाळ्यात नांदेडहून दोन तज्ज्ञ येणार होते. त्यांनी पाठवलेल्या फॉर्मात एक रकाना होता, 'धोका कोणापासून?' मी मागचापुढचा विचार न करता लिहिलं, 'शेळ्या.' शेळ्या गावातल्या एका मावशींच्या होत्या आणि रोज त्याच माळावर चरायच्या. मी पदरमोड करून रोपांभोवती तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप ठोकलं आणि मावशींना बजावलं, "शेळ्या आत दिसता कामा नयेत."

"सर, सासूच्या काळापासून शेळ्या इथंच चरून राहिल्यात," मावशी म्हणाल्या. "तवा न्हाई मेलं, आताच कसं मरंल?"

"तुम्हाला शास्त्र कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

पाऊस झकास झाला. तज्ज्ञ आले. मी ऐटीत कुलूप काढलं, तर आत कमरेएवढं कुसळी गवत माजलेलं. आम्ही तिघं ओणवे होऊन तासभर शोधत राहिलो. मोज्यांत, बाह्यांत आणि चारचौघांत सांगू नये तिथं कुसळं घुसली, पण एकही रोप दिसेना. शेवटी वयस्कर तज्ज्ञ वही मिटत म्हणाले, "इथून ही जात गेली असंच लिहावं लागेल." मला खरोखर रडू येत होतं.

कुंपणाबाहेर शेळ्या घेऊन उभ्या असलेल्या मावशी आमची कवायत बघत होत्या. "काय हरपलं, सर?"

"कंदीलपुष्प."

"मंग आत काय हुडकून राहिले? एवढ्या गवतात त्याला ऊन कुठं भेटतं? इकडं या."

शेळ्यांच्या वाटेवर, लेंड्यांच्या शेजारी, चरून बुटक्या झालेल्या गवतात चार रोपं फुलली होती. एका शेळीनं फूल हुंगलं, सोडलं आणि बाजूचं गवत ओरबाडलं. तज्ज्ञ चिखलातच गुडघे टेकून फोटो काढू लागले.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो. "शेळ्या आत आणाल का?"

"आधी सांगा, कागदावर आमच्या शेळ्यांचं काय लिव्हलं होतं?"

तज्ज्ञांच्या वहीतला माझा फॉर्म घेऊन मी रकाना वाचून दाखवला.

"खोडा ते."

मी खिशातल्या पेन्सिलीनं खोडलं. "आता तिथं काय लिहू?"

मावशींनी फाटकाकडं पाहिलं. "कुलूप ज्यानं लावलं त्याचं नाव लिव्हा."

वयस्कर तज्ज्ञांनी आपलं पेन पुढं केलं. मी नाव लिहिलं, पदव्यांसकट.