टोपली उचलताना

टोपलीला हात लावायच्या आधी ती डोळे मिटायची. घट्ट. मग चाचपत टोपलीची कड धरायची, उचलायची आणि घरातल्या बाईला विचारायची, "काय दिसतं गो?"

तुम्ही आमच्या शहापूर-मुरबाडकडचे असाल तर पीठ ठेवणं तुम्हाला सांगायला नको. नसाल तर ऐका. माणूस गेलं की दिवसकार्याच्या आदल्या संध्याकाळी, मयत जिथं ठेवलं होतं तिथं तांदळाचं पीठ पसरायचं. बाजूला दिवा, वर टोपली पालथी. सकाळी उघडायची. पिठात ज्याचं पाऊल उमटलं, त्या जन्माला माणूस गेलं. पाखराच्या, गाईच्या, नशीब असेल तर माणसाच्या.

ही टोपली उघडायला किन्हवलीपासून म्हसा गावापर्यंत तिलाच बोलावणं यायचं. सगळे तिला काकी म्हणायचे. उघडून झालं की ती उठायची नाही. कोरा चहा घेऊन बसायची. "रडू नको" असं तिनं कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. उलट मेलेल्याचं नाव घेऊन विचारायची, "पाटावर बसायचा का भुईवर? भाकर मऊ लागायची का करपलेली?" बाया रडता रडता सांगायच्या आणि मधेच हसायच्या.

म्हशात एकीला पिठात नवऱ्याचा पंजा दिसला. पाऊल नाही, हाताचा पंजा.

"मारायचा का गो?" काकीनं विचारलं.

"हां."

"मग ऱ्हाऊ दे आता पिठातच."

दोघी हसल्या, म्हणे.

मला हे पटायचं नाही. मी दुसरी शिकलेला, पण डोळे धड आहेत. तिला तोंडावर विचारलं, "काकी, तू का नाय बघत? बघितल्याबिगर काय सांगणार?"

"मी कुठं सांगते? सांगते ती घरची."

"पण बघायला काय जातं तुझं?"

"माझं बघून झालंय रे."

तिची मुलगी लहानपणीच ओहोळात वाहून गेली होती, एवढं गावाला माहीत होतं. तिच्या तोंडून त्यातलं एक अक्षर मी ऐकलं नाही.

मग आमचा धाकटा भाऊ रमेश गेला. हायवेला, ट्रकखाली. त्याच्या बायकोनं मयत बघितलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. रडली नाही, बोलली नाही. घास भरवला तर तसाच ओठावर राहायचा. लेक सासरहून आली, तिनं आईचे पाय धरले, तरी काही नाही. दिवस आला तरी तशीच. मला वाटलं, आता हीपण जाते.

काकी आली. डोळे मिटले, टोपली उचलली. "काय दिसतं गो?"

मी वाकून पाहिलं. पीठ पसरलं होतं तसंच. म्हटलं, "काय नाय. साफ कोरं आहे."

"तू गप रे. तुला नाय विचारलं."

रमेशची बायको पिठाकडे बघत राहिली. मग एकदम ओरडली, "चप्पल घालून आलाय बघा मेला! कितीदा सांगितलं, सारवलेल्यावर चप्पल आणू नको!"

"कुठल्या पायाची?" काकीचे डोळे मिटलेलेच.

"डाव्या. अंगठा तुटलेली. पिन लावून फिरायचा."

आणि ती रडली. अशी रडली की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. दुपारी पेज प्याली.

मी पुन्हा जाऊन पाहिलं. पीठ कोरंच होतं. जाताना काकीला तसं बोललोसुद्धा.

"तिला दिसलं ना? झालं तर."

मधे बरीच वर्षं गेली. पोरांच्या हातात मोबाईल आले, पण पीठ ठेवणं काही सुटलं नाही. मग काकी गेली. तिची सून माझ्या दारात आली.

"काका, टोपली उघडायला तुमी या."

"मी? मी तर मानत नाय गो."

"आत्याबाई बोलून गेल्यात. त्याला बोलवा, त्याचं बघायचं ऱ्हायलंय."

गेलो. तिच्यासारखेच डोळे मिटले, टोपली उचलली, विचारलं, "काय दिसतं गो?"

"पाखराचं पाऊल वाटतं, काका. बारीकसं." सून हुंदके द्यायला लागली.

मी हट्टी माणूस. मी डोळे उघडले.

पिठात चप्पल होती. डाव्या पायाची. अंगठ्यापाशी पिनेचा ओरखडा.

आता आसपास कुठं माणूस गेलं की बोलावणं मला येतं. मी जातो. आधी डोळे घट्ट मिटतो, मगच टोपलीला हात लावतो.