चादरीचं दुसरं टोक

हॉटेलच्या लाँड्रीत काकू चादरींच्या घड्या घालायची. दोन कोपरे तिच्या हातात, दोन सोबतिणीच्या; चादर ताणायची, मग एकीने चालत येऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. खोलीत सदा वाफ. चादर वर उडाली की पलीकडची बाई नाहीशी व्हायची, खाली आली की पुन्हा हसताना दिसायची. काकूला वाटायचं, आपण दिवसभर ढगांच्याच घड्या घालून कपाटात ठेवतोय.

दमायची मात्र ती कधीच नाही. म्हणजे तसं म्हणायची नाही. एकदा घरी "दमले बाई" म्हणाली, तर काकांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता निकाल दिला होता, "मग सोड ती नोकरी." सोडायची तर नव्हतीच. ती पांढरी ऊब तिला हवी होती. तेव्हापासून गुडघे कुरकुरले तरी तोंड गप्प.

मग रिसेप्शनवरून बदली होऊन एक उंच मुलगी लाँड्रीत आली. सगळे तिला लंबू म्हणत. पाहुण्यांचं इंग्रजी तिच्या तोंडात बसलेलं. एका दुपारी चादर ताणून ती म्हणाली, "काकू, मी नॅकर्ड."

"अगं बाई! हा कुठला आजार?"

"आजार कसला! पार गळून गेले. दमले, पण नोकरी सोडण्याइतकी नाही."

"साहेबांना सांगू?"

"वेड लागलंय का? साहेबांसमोर नाही बोलायचं असं. हा आपल्या माणसांतला शब्द."

काकू कोपरे घेऊन चालत तिच्याकडे गेली. लंबू जागची हलली नाही. पुढे तसं ठरूनच गेलं: नॅकर्ड म्हणेल तिने उभं राहायचं, दुसरीने चालायचं. लंबू ऊठसूट म्हणायची. काकू एकदाही नाही.

"तुला काय बॅटरी बसवलीय का गं, काकू?"

काकू कोपरे घेऊन चालू लागायची.

एका सुट्टीच्या संध्याकाळी गच्चीवर घरची वाळलेली चादर काढायला काकूसोबत काका आले. वारा सुटला होता. चादर दोघांच्या मध्ये फुगली आणि काका दिसेनासे झाले.

"दमलीस का गं?" पलीकडून आवाज आला.

नेहमीचं "छे" ओठांवर आलं होतं. तेवढ्यात चादर खाली बसली. काका दोन्ही कोपरे धरून तिच्याकडेच बघत होते.

"नॅकर्ड," ती म्हणाली.

"हे काय नवीन?"

"दमले. पण नोकरी सोडण्याइतकी नाही. तुम्ही चालत यायचं, मी इथेच उभी."

काका जरा घोटाळले. मग पाण्यातून चालावं तसे, कोपरे सांभाळत, हळूहळू तिच्यापर्यंत आले.