पत्राची मागची बाजू

अमेरिकेत ॲन आर्बरच्या ग्रंथालयात जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन गिरणीमालकाचा पत्रव्यवहार मी प्रबंधासाठी वाचत असे आणि त्या मला एकेक खोकं आणून देत. बऱ्याच पत्रांना कापडाचे नमुने टाचलेले असत.

बाई कुठलंही पत्र आधी उलटं करून पाहत. उत्तर धाडलं की पत्रामागे 'उत्तर दिले' असं लिहून ठेवायची मालकाची पद्धत होती. तसं लिहिलेलं नसलं, की बाई चष्म्यावरून बघत म्हणत, "आळशी माणूस!" जणू तो पलीकडच्या टेबलावरच बसलाय.

बाबा गेले म्हणून मी तीन आठवडे घरी जाऊन आलो. त्यांचं मला आलेलं शेवटचं पत्र मात्र परतल्यावर सापडत नव्हतं. खोलीतली गादीसुद्धा उलटून झाली.

ग्रंथालयात गेलो, तर बाईंनी ते माझ्यासमोर ठेवलं. "आमच्या खोक्यात होतं. कापड टाचलेलं आहे, पण ही लिपी मालकाला येत नव्हती."

मग सवयीने त्यांनी ते उलटं केलं. मागे कोरं होतं.

"काय विचारलंय?"

"या कापडाचा शर्ट शिवून पाठवू का, असं."

"कोणी?"

"वडिलांनी. त्यांच्यासाठीच गेलो होतो."

तिथे पेन वापरायला मनाई होती. बाईंनी आपल्या पेन्सिलला टोक करून ती माझ्यापुढे सरकवली आणि दुसरं खोकं आणायला गेल्या.

मी पत्रामागे लिहिलं, 'हो, पाठवा. इथे थंडी असते, बाह्या लांब ठेवा.'