भोंग्याचं तोंड कुणीकडं

"काका, पोरांची टेस्ट हाय. भोंगा बंद तरी करा, न्हाई तर तोंड तरी फिरवा." समोरच्या कोचिंग क्लासचे सर खालून म्हणाले. मी विहाराच्या पत्र्यावर वायर ओढत होतो. पौर्णिमेची वंदना झाली होती, आता आक्काचं गाणं होतं.

तोंड फिरवा म्हटलं की माझं डोकं फिरतं. चाळीस वर्षं साऊंडचा धंदा केला. शिक्षण चौथी नापास, पण माझ्या मशीननं कधी शिट्टी मारली न्हाई. गावात साऱ्यांच्या लग्नात माझाच भोंगा. आमची जयंती आली की मात्र पाटलाचा हुकूम, तोंड शिवाराकडं करा. आमच्या हक्काची गाणी वर्षानुवर्षं ज्वारीनं ऐकली. ज्वारीत काय फरक पडला न्हाई. भूकंपानंतर लातुरात आलो, तर हितंबी तेच.

"फिरवत न्हाई," म्हणालो अन् मशीनच बंद केलं.

मग आक्का अडली. आक्का माझी थोरली बहीण. भूकंपात घराच्या माळवदाची तुळई पडून तिचा गाल फाटला, ढोलकी वाजवणारे दाजी गेले. तेव्हापासून कुणी टक लावून बघितलं की तिचा गळा धरतो. इतक्या वर्षांनी यंदा गायला कबूल झाली, तेबी एका अटीवर. ती मागच्या खोलीत बसणार, बाहेर फक्त आवाज जाणार.

"भोंगाच न्हाई तर काय भिंतीला ऐकवू?" म्हणाली अन् चपला शोधायला लागली.

माझी सून अंगणवाडी सेविका. मोबाईलवर वस्तीचं पेज तीच चालवती. ती म्हणाली, मामा, लाईव्ह करू, त्याला कुणाची परमिशन लागत न्हाई. फोन स्टँडला लावला, बटन दाबलं अन् खिरीचं पातेलं उतरवायला गेली. फोनात स्वतःचा चेहरा दिसला तसा आक्कानं पदर नाकापर्यंत ओढला. गाणं तिथंच संपलं म्हणा.

माझं लक्ष वरच्या फॅनकडं. माईकला वारा लागला की फू-फू आवाज येतो, म्हणून माईकला कपडा बांधायचा. धंद्याचा पहिला नियम. मी खिशातला लाल रुमाल दुहेरी केला अन् फोनला गच्च बांधला. दोन टिचक्या मारून माईक टेस्टिंगबी केलं.

आक्का बघतच राहिली. "किसन्या, तू तर त्याचे डोळेच बांधलेस रे."

पदर खाली आला. अन् ती गायली. दाजींच्या ढोलकीची जागा आली तिथं थांबली, मांडीवर ठेका धरला, पुढं गेली. ठरलं होतं एक, म्हणली चार. फॅन चालू असून मला तोंड पुसायची पाळी आली, अन् रुमाल तर फोनला.

सुनेनं येऊन कपाळावर हात मारला. पाऊण तास लोकांनी माझा रुमाल बघितला होता. कुणी लिहिलं, दिसत न्हाई, पण बंद करू नका. माहूरच्या एका बाईनं लिहिलं, रडून घेतलं, हलकं वाटलं. समोरच्या क्लासच्या हॉस्टेलमधल्या पोरींनी लिहिलं, टेस्ट सुटली, आता मोठ्यानं लावा. एकानं लिहिलं, रुमाल धुवा. तो आमचा जावई असावा असा माझा वहीम हाय.

दुसऱ्या दिवशी सर आले. क्लासच्या गॅदरिंगला साऊंड पाहिजे, आक्काबी गातील का, विचारायला लागले.

"साऊंड लावतो. तोंड कुणीकडं ते मी ठरवणार. आक्काचं आक्काला विचारा."

आक्का म्हणाली, येते, पण किसन्याचा रुमाल पाहिजे.

भोंग्याला तोंड असतं, म्हणून लोक ते फिरवायला बघतात. मोबाईलला ते न्हाई. पण वारा त्यालाबी लागतो. रुमाल बांधावाच, सून काहीबी म्हणो.