दादाच्या आधी पोचलेली बातमी

आमच्या शेजारच्या भावोजींना मी कार्बन कॉपी म्हणते, आणि तोंडावर म्हणते. मागून बोलायची मला सवय नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असते. त्यांच्या घरात किल्ल्या दोन, छत्र्या दोन, चष्मे दोन. शिवाय एकेक वस्तू आमच्या कपाटात पाहुणी म्हणून असतेच.

"भावोजी, बायकाही दोन करा, म्हणजे झालं," मी म्हणायचे.

"एकीशीच जुळवून घेताना दम लागतो," ते म्हणायचे. आतून वहिनी भांडं आपटायच्या.

नोकरीही तसलीच. त्यांच्या हॉस्पिटलच्या दोन शाखा. एक इथे, दुसरी त्यांच्या मूळ शहरात, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पेशंटांची माहिती दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांत तंतोतंत सारखी ठेवायची, हे भावोजींचं काम. पूर्वी दिवसभराचे बदल गोळा होऊन रात्री एकदाच तिकडे जायचे. त्यांनी जिवाचं रान करून असं केलं, की इकडे लिहिलं की तिकडे लगेच उमटतं. त्या आनंदात अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. मी दोनदा घेतले. म्हटलं, ही माझी दुसरी प्रत.

भावोजींची आई त्यांच्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, त्या दुसऱ्या शहरात राहायची. ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, तिथल्या शाखेत दाखल झाली. तिच्या पायाशी रात्रंदिवस बसून दादाच्याच छातीत दुखायला लागलं. मोठे डॉक्टर इथे, म्हणून त्याला इथे आणलं. आईचं ऑपरेशन एका दिवसावर आलं होतं. तोवर तिला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि त्याच दुपारी दादा गेला.

मी वहिनींबरोबर तिथेच उभी होते. त्या म्हणाल्या, "अहो, आता ही नोंद तिकडेही दिसणार. सगळं तुमच्याच हातात आहे ना? उद्यापर्यंत बंद ठेवा."

भावोजी भिंतीला टेकले. "एकट्या दादाचं अडवता येत नाही गं. बंद केलं तर सगळंच बंद. कुणाला कुठलं औषध सोसत नाही, तेही त्यातूनच जातं. चुकीचं औषध कुणाला दिलं गेलं तर?"

त्यांनी काही बंद केलं नाही. तिकडच्या वॉर्डात फोन करून सिस्टरला विनवलं, आईला कळू देऊ नका. मग दादाला घेऊन गाडी निघाली, भावोजी त्याच्याशेजारी बसून. ऑपरेशन झालं की तिचा हात धरून आपणच सांगायचं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

तिकडे ड्यूटी बदलली. जाणारी सिस्टर घाईत सांगायला विसरली. नव्या मुलीला ऑपरेशनसाठी घरच्यांची संमती हवी होती, म्हणून तिने थोरल्या मुलाचा नंबर काढला. तोही आता हॉस्पिटलचाच पेशंट, म्हणून नावापुढे इकडची नोंद उमटलेली होती, मयत. पोर मनाची चांगली. तिने आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आजी, फार वाईट झालं हो."

दादा अजून रस्त्यात होता.

भावोजी पोचले तेव्हा आई छताकडे बघत पडली होती. "लोकांच्या घरचं इकडचं तिकडे तू पोचवतोस ना रे?" ती म्हणाली. "मग माझ्या लेकाचं मला परक्या पोरीनं का सांगावं?"

"आणतच होतो, आई," एवढंच ते म्हणाले.

ऑपरेशन लांबलं, झालं. पाय मात्र सरळ झाला नाही. आता आई भावोजींकडेच असते. भावोजी कामावरून आले की बूटही न काढता आधी तिच्यापाशी बसतात आणि सगळं सांगतात. कुणाला ताप आला, जिन्यातला दिवा गेला, काहीही. ती ऐकते.

परवा मी जिन्यात घसरले. भावोजींनी पाहिलं, आणि आधी आत जाऊन आईला सांगितलं. मग मला उचलायला आले. एरवी यावरून मी त्यांना महिनाभर चिडवलं असतं. या वेळी नुसते कपडे झटकले आणि घरात गेले.