हिरव्या पाण्याची बाटली

प्रमोद खिल्लारेनं पुण्यात कॉम्प्युटरच्या दुकानात सहा वर्षं काढली. दुकान बंद पडल्यावर तो आखाडा बाळापूरला घरी परत आला. त्याचे वडील सोनाजी शाळेतून शिपाई म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी घरापुढची पत्र्याची खोली पोराला रिकामी करून दिली, आणि प्रमोद तिथं गेम खेळण्याचे कॉम्प्युटर बांधून विकू लागला. साधे नव्हेत. आत पारदर्शक नळ्यांतून रंगीत द्रव फिरतो आणि तापलेल्या चिपची उष्णता ओढून बाहेर टाकतो, तसले. नळ्या गरम करून वाकवायच्या, मशीन पूर्ण दिवस चालवून कुठं गळतंय का बघायचं, मग नांदेड-हैदराबादच्या गिऱ्हाइकाकडं पोचवायचं.

सोनाजी खुर्ची टाकून तासन्‌तास बघत बसत. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून आत बोलवत. "बघ, पाणी कसं फिरून राहिलं. आपल्या जिल्ह्यात दुसरं कोणी करत न्हाई हे." त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण पोराचा अभिमान होता. माणूस पंचशील पाळणारा. उभ्या जन्मात दारूला शिवला नव्हता.

गेल्या मे महिन्यात मुंबईहून येणारा द्रव वेळेवर आला नाही. नांदेडचं गिऱ्हाईक घाईला आलं होतं. प्रमोदनं रस्त्यावरच्या ट्रकच्या गॅरेजमधून गाडीचं कूलंट, इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, आणलं आणि काम भागवलं. कॅनचं झाकण तुटलेलं होतं, म्हणून उरलेलं त्यानं सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून टेबलाखाली सावलीत ठेवलं. बाटलीवर काहीतरी लिहावं असं त्याच्या मनात आलं होतं. तेवढ्यात फोन वाजला आणि ते राहून गेलं. सकाळी मशीन जीपमध्ये घालून तो नांदेडला गेला.

दुपारी सोनाजी उन्हातून आले. "जीव जाऊन राहिला. सरबत असंल तर दे," असं बायकोला म्हणाले. पद्माबाईंनी प्रमोदच्या खोलीतली हिरवी बाटली काढली, माठातलं पाणी घालून दोन पेले करून दिले.

तासाभरानं सोनाजींची जीभ जड झाली. दारापर्यंत जाताना ते दोनदा भिंतीला धडकले. शेजारच्या बाया बघत होत्या. पद्माबाई संतापल्या.

"ह्या वयात पिऊन आलात? लाज वाटत न्हाई का तुमाला?"

सोनाजी काहीतरी सांगायला बघत होते, पण शब्द जुळत नव्हते. पद्माबाई अंगणात जाऊन बसल्या. आत सोनाजींना उलट्या झाल्या, मग ते झोपले.

संध्याकाळी प्रमोद आला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "बाप पिऊन आला तुझा." त्याचा विश्वास बसला नाही. ऊन लागलं असेल असं त्याला वाटलं. सकाळी वडिलांचा श्वास जोरात चालला होता आणि हाका मारूनही ते उठत नव्हते. दवाखान्यासाठी आधार कार्ड घ्यायला तो आपल्या खोलीत गेला. टेबलाखालची ती बाटली आता टेबलावर होती, निम्मी रिकामी. मोरीवर दोन पेले धुऊन पालथे घातलेले होते. त्याला सगळं कळलं.

नांदेडच्या डॉक्टरांना त्यानं लगेच सांगितलं, "गाडीचं कूलंट पोटात गेलंय."

"कधी?"

"काल दुपारी."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "कालच आणायला पाहिजे होतं." मूत्रपिंडं बंद पडली होती. डायलिसिस सुरू झालं. पाचव्या दिवशी सोनाजी गेले.

पोलिसानं जबाब घेताना विचारलं, "त्यांना दिलं कोणी?"

"त्यांनीच घेतलं असंल. चुकून," प्रमोद म्हणाला. आईचं नाव कागदावर येऊ नये म्हणून तो असं म्हणाला. त्यात आपलाही बचाव आहे, हे त्याला त्याच क्षणी कळत होतं.

गावात झालं ते वेगळंच. सोनाजीनं विष घेतलं, असं लोक बोलू लागले. बोलणं पद्माबाईंपर्यंत पोचलं आणि त्यांनी आपल्या मनाशी हिशेब जुळवला: आपण दारुडा म्हणालो, अंगणात जाऊन बसलो, तेवढ्यात त्यांनी जीव दिला. त्यांचं जेवण सुटलं. तीन आठवडे त्या एकच विचारत राहिल्या.

"मी बोलले म्हणून पिले ना रे ते?"

"न्हाई, माय."

"मंग काहून पिले?"

एका सकाळी प्रमोद त्यांच्यापुढं खाली बसला. खरं सांगितलं तर आईला कळणार होतं की पेला तिनंच दिला. नाही सांगितलं तर ती अशीच झिजून जाणार होती.

"माय, ते सरबत न्हवतं."

"कोणतं?"

"तू दिलं ते. मी भरून ठेवलं होतं त्या बाटलीत. मशीनचं होतं. मी लिहिलं न्हाई त्यावर काही."

पद्माबाई म्हणाल्या, "त्यांनी इचारलं होतं मला. आज असं काहून लागून राहिलं म्हणून. मी म्हणले, गुमान प्या. दुसरा पेला मीच बळंच दिला."

दुसऱ्या दिवशी प्रमोदनं ठाण्यात जाऊन जबाब बदलला. आईचं नाव त्यानं सांगितलं, आपलं आधी सांगितलं. त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना संपल्यावर पद्माबाई उभ्या राहिल्या. त्या कधी चारचौघांत बोलत नसत.

"माझ्या माणसानं जीव दिला न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून गेले ते, अन् ह्याच्या हातून. आमी दोघंबी इथं समोर हाओत. काय बोलायचं ते आमाला बोला. त्यांच्यामागं बोलू नका."

बाया उठून निघून गेल्या.

प्रमोदनं चार महिने खोली उघडली नाही. मग उघडली, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. आता तो पंख्यावर चालणारी साधी मशीनं बांधतो. गिऱ्हाईकं कमी झाली आहेत. पद्माबाई त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. केसची तारीख असते तेव्हा मात्र त्या त्याच्याबरोबर एसटीनं कळमनुरीच्या कोर्टात जातात. प्रमोदच्या नावाचा पुकारा झाला की त्या त्याच्या आधी उठतात.