फवारणीच्या शर्टातल्या गोळ्या

"युरोसेप्सिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय. जळगावच्या त्या दवाखान्यात आमचे हे थंडीने असे कुडकुडत होते की खाट हलत होती, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की हा डॉक्टर आम्हाला घाबरवून किती दिवस ठेवून घेणार?

मी धरणगावात किराणा दुकान चालवते. समोरच्याच्या तराजूकडे आधी बघायची खोड तिथलीच. माझे यजमान कपाशी करतात.

आधी लघवीला जळजळ, मग ताप, मग असंबद्ध बडबड. तेव्हा कुठे इथे आणलं. पण इंजेक्शनं देऊनही ताप हलेना. "कल्चरचा रिपोर्ट येऊ द्या," एवढंच रोज ऐकायचं. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांना कोणतं औषध मारतं ते पाहणं. मला लॅबवाले आणि डॉक्टर एकाच माळेचे मणी वाटू लागले.

रिपोर्टात बहुतेक औषधांपुढे 'रेझिस्टंट' लिहिलेलं. जंतू दाद देत नाहीत. "लघवीची बाटली दुसऱ्याची असेल," मी तोंडावर म्हटलं.

डॉक्टर चिडले नाहीत. "अक्का, काही औषधं जंतूची भिंत बांधू देत नाहीत, काही त्याला वाढू देत नाहीत. पण यांचे जंतू एक औषध तोडून टाकतात, दुसरं आत आलं की बाहेर उपसून टाकतात. आधी गोळ्या घेतल्या होत्या का?"

यांनी पडल्यापडल्या मान हलवून नाही म्हटलं. ती मान मला ओळखीची आहे. आता माझा संशय डॉक्टरांवरून उठला आणि खाटेवर जाऊन बसला.

कपडे आणायला घरी गेले तेव्हा यांचा फवारणीचा शर्ट झटकला. खिशातून गोळ्यांची तीन पाकिटं पडली. तिन्ही वेगळी, तिन्ही अर्धवट.

दवाखान्यात ती यांच्यासमोर धरली. छताकडे बघत हे म्हणाले, "एकच औषध मारं ते अळीले सवय व्हई जास. म्हनीसन मी गोळ्या बदलत ऱ्हायनू."

डॉक्टर खाटेशीच उभे होते. "नाना, अर्धं वावर फवारून मधेच औषध बदलता का?"

यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"या गोळ्यांमुळेच झालं असं छातीठोक नाही सांगता येत," डॉक्टर मला म्हणाले. "असे जंतू बाहेरूनही येतात. आता कार्बापेनेम देतोय, राखीव ठेवलेलं मोठं औषध. हेही लागू पडलं नाही, तर माझ्या हातात फारसं काही उरणार नाही."

त्या दिवशी मी कुणावर संशय घेतला नाही. नुसती भीती वाटत होती. यांच्या कपाळावरचा हात काढवेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाळाला घाम आला, आणि यांनी कपाशीला पाणी दिलं का विचारलं. मी डॉक्टरांसमोरच रडले. माफीही मागितली.

घरी पाठवताना उरलेल्या कोर्सच्या गोळ्या दिल्या, रिपोर्ट बघून निवडलेल्या. प्रत्येक गोळी मी हातावर दिली आणि तोंड उघडायला लावून पाहिलं. हे चिडायचे, मी बघायचेच. तुमच्याही घरी असा शर्ट असेल तर खिसे तपासा, लाजू नका.

परवा शेजारीण आली. तिच्या मालकांना लघवीला जळजळ होत होती. "नानांना लागू पडली ती गोळी उरली असेल तर दे," म्हणाली.

मी काही बोलायच्या आत हे आतून ओरडले, "एकबी उरनी नही! डॉक्टरकडे लई जा त्याले!"

तरी ती गेल्यावर मी यांचे खिसे तपासलेच.